डांबरगोळ्या कुठे गेल्या

मु. होळी, वसई
रविवार

ती. राधिकाताईस,
जयूचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (आचोळ्याहून रिक्षाने इथवर यायलाही दुखतो असं दादा म्हणाला, म्हणून विचारते.) तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

ओवीची बारावी म्हणजे माझीही बारावी. धडा पक्का व्हावा म्हणून ती मला समोर बसवून शिकवते. दोन महिन्यांपूर्वी तिने पदार्थाच्या अवस्थांचा आलेख काढला. उभा दाब, आडवं तापमान, मध्ये तीन रेषा. मला ओ की ठो कळेना. तेव्हा म्हणाली, आई, तीन वाड्या समज, स्थायूची, द्रवाची आणि वायूची, आणि रेषा म्हणजे बांध. बांध ओलांडला की बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ. तिन्ही बांध मिळतात त्या कोपऱ्यावर मात्र बर्फ, पाणी, वाफ तिघं एकत्र नांदतात. (वाडीच्या मोजणीला आपण तिघं भावंडं अशाच कोपऱ्यावर उभे होतो तेव्हा काय झालं, ते मी तिला सांगितलं नाही.) शिवाय खालच्या अंगाला स्थायू आणि वायूच्या वाड्या लागूनच असतात. तिथून काही पदार्थ द्रवाच्या वाडीत पाऊल न टाकता थेट हवेत जातात. जशी डांबरगोळी. ताई, मी सोलत असलेली लसूण हातातून पडली.

माझ्या सुजयच्या हळदीला तू आईच्या ट्रंकेची किल्ली पाठवलीस, मी आईचा शालू काढला, तर पुरचुंडीची गाठ तशीच आणि आतल्या बाराच्या बारा डांबरगोळ्या गायब! किल्ली तोवर दोन वर्षं तुझ्याकडे. मी भर मांडवात म्हटलं, ताईने डांबरगोळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. तेव्हापासून तू इथलं पाणी प्यायली नाहीस.

तरी खात्री करावी म्हणून एक गोळी वाटीत घालून सुकेळ्यांच्या डब्याशेजारी ठेवली. आज ती वाटाण्याएवढी उरली आहे. (वाळवलेल्या केळ्यांना तो वास लागला, पाहुण्यांनी ती तोंडातून परत काढली. हे अजून माझ्याशी बोलत नाहीत.) चुकले गं. चोरी हवेची, आळ तुझ्यावर. तीन वर्षं तुझ्यावाचून एक सण गोड लागला नाही.

तुझी धाकटी,
जयू

ता. क. त्याच ट्रंकेतला आईचा चांदीचा करंडा त्या दिवसापासून दिसत नाही. ओवी म्हणते, चांदी साध्या वितळायलाही साडेनऊशेच्या वर अंश लागतात. ट्रंक पलंगाखाली होती, चुलीवर नव्हे. तेवढा घेऊन ये.

ता. ता. क. पाकीट चिकटवायला डिंक शोधताना करंडा शिलाई मशीनच्या खणात सापडला. हळदीच्या गर्दीत मीच लपवला असणार. वरचा ता. क. वाचू नकोस. करंडा तू ने, पण न्यायला स्वतः ये. येताना बारा डांबरगोळ्या आण.