तळमजल्यावरची शिक्षा

२ ऑगस्ट

उतार झाला! नव्या इमारतीच्या दारापर्यंत, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, वर पिवळा रंग. इतकी वर्षं बाबा रोज मला पाठुंगळी घेऊन जुन्या इमारतीच्या पायऱ्या चढायचे आणि मग धावतपळत आपली बस काढायला डेपोत जायचे. गेल्या महिन्यात त्यांच्या कमरेनं संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाव काढू नका. वजन म्हणजे मी.

मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्घाटन तुझ्याच हस्ते बरं का. म्हणजे फीत पाहुणे कापतील, पण चाकांच्या खुर्चीत तू."

५ ऑगस्ट

पाहुण्यांनी माझी खुर्ची ढकलली. फोटो नीट येईना, म्हणून परत खाली, परत वर. मग त्यांना धाप लागली. पुढच्या वेळी मागून शिपाईकाकांनी ढकललं, पाहुण्यांनी नुसता हात ठेवला. "हस बाळा." हसले. भाषणात त्यांनी माझं नाव चुकवलं. तरी टाळ्या.

टाळ्या संपल्यावर कळलं, उतार दारापर्यंतच आहे. आमचा दहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

८ ऑगस्ट

आमची तुकडी खाली आणली. पाण्याच्या टाकीमागची खोली, मोडक्या बाकांची अडगळ होती ती. दिवसाही दिवा लावावा लागतो. वरची खोली दुसऱ्या तुकडीला मिळाली — मोठा पडदा, दोन्हीकडे खिडक्या, शेजारी नवी कोरी प्रयोगशाळा.

वर्गावरचे सर म्हणाले, "हिच्यासाठी थोडं सोसायचं."

हिच्यासाठी! एवढा एक शब्द गिळला असता तर चाललं नसतं का?

१९ ऑगस्ट

खोलीत मोरीचा वास मारतो. मुलं नाक दाबतात आणि माझ्याकडे बघतात. माझं नाव आता 'गाडी'. मोरी तुंबली — गाडी अडकली असेल. दिवा गेला — गाडीखाली वायर आली असेल.

चिमणीपण हसली. पाचवीपासूनची माझी एकुलती एक मैत्रीण. बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून चिमणी. हसली, मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हती.

२७ ऑगस्ट

आज सरांनी हात वर करायला लावले. माझ्यासमोर.

"वर कुणाकुणाला जायचंय? मोकळेपणानं सांगा. कुणी वाईट वाटून घेणार नाही." हे 'कुणी' म्हणजे मीच.

भराभर हात वर गेले. चिमणीनं दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले होते. सर म्हणाले, "तुझं काय?" तिनं उजवा हात काढला. आधी कानापर्यंत. मग पूर्ण वर.

घरी आईनं काय झालं विचारलं. डोकं दुखतंय म्हटलं.

३० ऑगस्ट

बाबा मोठ्या बाईंना भेटायला आले, वाकून, कमरेवर हात ठेवून. बाई म्हणाल्या, "लिफ्टसाठी भिंतीत जागा सोडलीय, पुढच्या टप्प्यात बसेल. वर शेजारची एक खोली रिकामी आहे, तोवर वर्ग तिथं जाऊ दे. ही खालीच बसेल, वरचं शिकवणं तिला पडद्यावर दिसेल. सांगा, कोणती शाळा एवढं करते?"

बाबांनी आभार मानले. हात जोडून! बाहेर आल्यावर मी भांडले त्यांच्याशी.

"अगं, अजून वर्ष काढायचंय तुला तिथं," एवढंच म्हणाले.

४ सप्टेंबर

खोलीत मी एकटी. पडद्यावर सरांचा खांदा आणि अर्धा फळा. शंका विचारली. कुणाला ऐकूच गेली नाही.

९ सप्टेंबर

मोठ्या बाईंना वाटलं, मुलगी एकटी बरी दिसत नाही, कुणीतरी सोबत हवं. सरांनी विचारलं, आपणहून कोण बसेल? आज कॅमेरा वर्गाकडे वळवला होता, पडद्यावर मला सगळे दिसत होते. खाली माना.

मग सरांनीच तोड काढली. गृहपाठ नसेल त्यानं दिवसभर खाली बसायचं. माझ्याजवळ. शिक्षा म्हणून.

१२ सप्टेंबर

पहिला गडी आला, भिंतीकडे तोंड करून बसला. वरून सरांचा आवाज, अगदी खुशीतला — "वह्या काढा, नाहीतर गाडीत बसवीन." सगळा वर्ग हसला. आवाज मात्र आज स्पष्ट येत होता.

२० सप्टेंबर

दारात चिमणी! मला वाटलं, मुद्दाम आली. माझ्यासाठी. इतकं बरं वाटलं की तिच्यासाठी बाक पुसायला घेतलं.

ती रडायला लागली. "मी केला होता गं गृहपाठ. वही घरी राहिली. सर ऐकूनच घेत नाहीत." दिवसभर मुसमुसत होती. मी खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तिला जरा मोकळं वाटावं म्हणून.

२३ सप्टेंबर

वर गेले.

खुर्ची खालीच सोडली. पायरीवर बसायचं, हात मागच्या पायरीवर टेकवायचे, अंग उचलायचं. पाय मागून येतात, ओढलेल्या पोत्यासारखे. शिपाईकाका म्हणाले, "पोरी, कपडे खराब होतील." दुसऱ्या मजल्यावर हातांची सालटं निघाली. तिथं थोडी रडले, कुणी नव्हतं म्हणून. मग पुढे.

दारात पोचले तेव्हा सर फळ्याकडे तोंड करून आकृती काढत होते. मी म्हणाले, "हजर."

सगळ्यांच्या माना वळल्या. मग टाळ्या, बाकं बडवणं. चिमणी धावत आली, मला घट्ट धरून रडली, "चुकले मी" म्हणाली. तिनं आणि आणखी एकीनं मला उचलून खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. तिथून बाबांचा डेपो दिसतो. मोठ्या बाई धापा टाकत वर आल्या, माझे हात सगळ्यांना उलटेपालटे करून दाखवले, फोटो काढला.

आज कुणी गाडी म्हणालं नाही.

२६ सप्टेंबर

लिफ्ट रद्द. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी मला पुढे बोलावून सांगितलं, "जिद्द असली की लिफ्ट लागत नाही, हे हिनं दाखवून दिलं." खालची खोलीही उद्यापासून बंद. लिफ्टच्या जागेला दार बसवून आत झाडू ठेवणार आहेत.