दुपारची आजी

प्रिय धाकट्या,

मंगळवार, चार मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझी नात उजव्या हाताने पाढे लिहीत होती. तिचा डावा हात रिबिनीने खुर्चीला बांधलेला होता.

मुलीला शाळेत न घालता घरी शिकवायचं खूळ तुम्ही घेतलंत, त्यावरून आपलं वाजलं आणि दोन वर्षं मी तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही. त्या दिवशी न राहवून आले, तर हे!

ती गाठ माझ्या ओळखीची आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माझा डावा हात तश्शाच गाठीने बांधायच्या. हे मी आजवर कोणाजवळही बोललेले नाही.

"कोणी बांधलं गं?"

"तूच ना! आत्ता खडू आणायला गेलीस."

मी गाठ सोडायला गेले, तर पोरगी कळवळली. "नको आजी, तू रागावशील!"

खडू घेऊन कोणीच आलं नाही. संध्याकाळी तू आलास आणि हसलास. "आई, विसरायला लागलीस का? दुपारी तू शिकवतेस म्हणून तर आम्ही दोघं निर्धास्त कामावर जातो."

माझं डोकं शाबूत आहे. माझ्या नातीला दुपारी कोण शिकवतं, याचं लेखी उत्तर मला शुक्रवारी बाराच्या आत हवं.

पाकिटावर तुझा पत्ता घातलाय, पण पेटीत टाकायला हात धजत नाही. तुमच्याकडचं टपाल दुपारी आजीच उघडते, असं पोरगी म्हणाली.

तुझी एकुलती एक,
आई