सगळ्यांनी एकाच दिवशी यावं

२ मार्च, सोमवार

नक्की झालं. एचआरच्या बाईंनी दुपारी स्वतः फोन केला — ‘मोठ्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून सांगते.’ एकोणीस तारखेला सगळ्यांना एकाच दिवशी ऑफिसात बोलवायचं. माणसं आली, रमली, तर एक तारखेपासून पाचही दिवस ऑफिस. नाही जमलं, तर आहे तसंच चालू — दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घरून.

आणि हा कार्यक्रम घडवून आणायचा कोणी? मी! कंपनीची अंतर्गत पत्रिका मी काढतो, म्हणून माणसं जोडायचं कामही माझ्याच गळ्यात.

‘हे तुमच्या-माझ्यातच ठेवा हं,’ बाई म्हणाल्या. ठेवलं.

३ मार्च, मंगळवार

ऑफिसात बसून नीट विचार केला. मंगळवारी आणि गुरुवारी मी इथे, तेव्हा आईजवळ कामाला ठेवलेल्या मावशी असतात. बाकीचे तीन दिवस मावशी दुसऱ्या घरी बांधलेल्या. त्या दिवशी आईजवळ मी.

गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली तेव्हा घरात कोणी नव्हतं. खुबा मोडला. किती वेळ पडून होती, आजपर्यंत नीट सांगत नाही. मी दार उघडलं तर म्हणाली, ‘आलास? आधी दिवा लाव.’ त्यानंतरच वर्तमानपत्र सोडलं आणि ही नोकरी धरली. पगारासाठी नाही. या तीन दिवसांसाठी.

म्हणजे काम चोख केलं तर आई एकटी. आणि मुद्दाम बिघडवावं, तर — उभ्या आयुष्यात एक पान छपाईला उशिरा सोडलं नाही मी. बिघडवायचं कसं, हेच माहीत नाही!

५ मार्च, गुरुवार

साहेबांबरोबर बैठक. ‘आपली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत हो,’ म्हणाले. खोटं नाही. सकाळी लिफ्टमध्ये एकाच टीममधले दोघे होते. तीन वर्षं रोज पडद्यावर बोलतात. बराच वेळ एकमेकांकडे चोरून बघत होते. शेवटी ती म्हणाली, ‘अगंबाई, तुम्हीच का? तुम्ही एवढे उंच आहात?’

आणि हिशोब खात्यातले म्यूटराव. हे नाव त्यांना कोणी ठेवलं देव जाणे. मीटिंगमध्ये नेहमी माइक बंद ठेवूनच बोलतात. ओठ हलतात, हात हलतात, आवाज नाही. ‘म्यूटवर आहात, म्यूटवर आहात,’ असं चौघं ओरडतात, तोवर त्यांचं बोलणं संपलेलं असतं. त्यांचा आवाज कसा आहे, विचारलं तर शपथेवर सांगता येणार नाही.

साहेबांचं पटलं. हेच तर वाईट.

९ मार्च, सोमवार

घरी. सकाळपासून चार मीटिंगा. मधेच बाहेर आलो तर आई खिडकीपाशी बसलेली. रेडिओ बंद. चहा हवा का विचारलं, तर नुसती मान हलवली.

हल्ली फार गप्प असते. तब्येतीला विचारलं तर — ‘मला काय धाड भरलीय?’ आणि पुन्हा गप्प. पडल्यापासून आतून खचलीय की काय? की दुसरंच काही सुरू झालंय — वयाचं, डोक्याचं? डॉक्टर म्हणतात, चालतात तेवढ्या चालू द्या. गप्प बसण्यावर त्यांच्याकडे गोळी नाही.

धाकटीला फोन केला. ‘दादा, तू घरी असतोस म्हणून निभतंय. मला इथे स्वस्थ झोप लागते ती तुझ्या जिवावर.’

माझ्या जिवावर!

१२ मार्च, गुरुवार

निमंत्रण पाठवलं. ‘सगळ्यांनी एकाच दिवशी यावं — कारण काही नाही, भेटणं हेच कारण.’ वाचून साहेब खूश. मी नाही.

१८ मार्च, बुधवार

निम्म्या लोकांचं उत्तर आलं — ‘बघतो.’ बातमीच्या धंद्यात ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’. हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. उद्याचा चहा मात्र सगळ्यांपुरताच सांगितलाय. कमी सांगायला हात धजला नाही.

१९ मार्च, गुरुवार

काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर खरं वाटायचं नाही.

चार वाजता वरच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या, चहा वाफाळतोय. आणि माणसं? मी, एचआरच्या बाई, मोठे साहेब आणि चहा देणारा. बस्स. साहेब घड्याळ बघतायत. मी खाली बघतोय. माझ्या तोंडावर काय उमटत होतं ते कोणाला दिसू नये म्हणून.

दहा मिनिटांनी बाईंनी फोन बघितला. ‘अहो, सगळे आत आहेत!’

‘कुठे आत?’

‘मीटिंगमध्ये! तुम्ही सुरू करायची वाट बघतायत!’

खाली धावलो. सगळा मजला भरलेला. एकूण एक माणूस आलेला — आणि आपापल्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून, पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलेला. निमंत्रणाच्या तळाशी लिंक होती. दर निमंत्रणाच्या तळाशी असते. मीच टाकली होती. हॉलचं नाव वर ठळक लिहिलेलं, पण ते वाचतंय कोण? लिंक दिसली की दाबायची — हाताला तेवढंच माहीत!

बाईंनी घाईघाईत फोनवरून मीटिंग सुरू केली. एका खोलीत एवढे माइक एकदम उघडे. अशी काही कर्कश शिट्टी घुमली की सगळ्यांनी हेडफोन उपटून फेकले. मग चिडीचूप. आणि कोपऱ्यातून एक खणखणीत, भरदार आवाज —

‘आता तरी येतोय का आवाज माझा?’

म्यूटराव! उभे राहिलेले!

मजला फुटला हसण्याने. पुढचं माझ्या हातात राहिलंच नाही. कोणी खुर्च्या ओढल्या, कोणी चहाची किटली खाली आणली. मी बसवलेले खेळ कोणी खेळलं नाही. नुसते बोलत होते. दिवे लागले तरी हलेनात. म्यूटरावांना तर बायका घेरून बसल्या होत्या — ‘अहो, तुम्ही रेडिओवर का नाही गेलात?’

जाताना साहेबांनी पाठीवर थाप मारली. ‘लिंक मुद्दाम टाकलीत ना? मानलं बुवा तुम्हाला!’

मुद्दाम नव्हती टाकली. कार्यक्रम जमावा म्हणून तर नाहीच. आणि फसावा म्हणून —? नव्हती. नव्हतीच.

२४ मार्च, मंगळवार

एचआरच्या बाईंकडून पक्की खबर. एक तारखेपासून पाच दिवस. पत्रक मीच लिहायचं. लिहिलं. वेळेत दिलं.

२६ मार्च, गुरुवार

मावशींना जिन्यात गाठून विचारलं, पाचही दिवस जमेल का? ‘दादा, त्या घरी दहा वर्षं झाली. त्यांना कसं सोडू?’ बरोबर आहे. दुसरी बाई बघायची, तर आई कोणाला जवळ करेल?

एचआरच्या बाईंना विनंती करून बघितली — मला एकट्याला सवलत? ‘अहो, सगळ्यांना एकत्र आणणारे तुम्ही. तुम्हीच घरी बसलात तर कसं दिसेल?’

आईला अजून सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा पाण्याचा ग्लास मागितला.

२८ मार्च, शनिवार

सांगितलं.

‘पाचही दिवस?’ आई म्हणाली. ‘नक्की ना? पुन्हा फिरवणार नाहीत ना?’

मी म्हटलं, आई, मी काहीतरी मार्ग काढतो. घाबरू नकोस.

‘मी कशाला घाबरू? तुझ्या ऑफिसच्या दिवशी मावशी आणि मी घसा बसेपर्यंत बोलतो. तू घरी असलास की दार लोटून बसतोस, आणि मी इथे खोकला आला तरी उशीत तोंड घालते. तुझ्या मीटिंगमध्ये आवाज नको जायला म्हणून.’

रागाने नाही. हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

मग कळलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून तिने वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्राची चौकशी कधीच करून ठेवलीय. त्यांच्या सासूबाई जातात. गाडी न्यायला येते, काठीवाल्यांना चढवायला माणूस असतो. ‘तुला वाईट वाटेल म्हणून थांबले होते रे.’

परवा सोमवारी सकाळी गाडी येणार आहे. मी म्हटलं, खाली सोडायला येतो. नको म्हणाली.

‘तुझी मीटिंग असेल.’