आठाची बेरीज

तात्या, काल मी चारचाकी घेतली आणि तिच्या नंबरातल्या अंकांची बेरीज आठ आहे. हे आधीच सांगून टाकते. जिवंतपणी माझं एक वाक्य पुरतं न ऐकणारा बाप आता तरी सगळं ऐकून घेईल.

पाट्यांवरचे नंबर बदलले तेव्हा मी कॉलेजात गणित शिकत होते. त्याआधी ट्रकवरची तीन अक्षरं बघून तुम्ही गाव ओळखायचात. मखमलाबादच्या मळ्यातून टोमॅटो घेऊन मार्केटला गेलं, की माल उतरवण्याआधी तुम्ही उभ्या गाड्यांवरून नजर फिरवायचात, कारण बाहेरच्या गाड्या किती आणि कुठून आल्यात यावर त्या दिवसाचा भाव ठरतो, हे तुमचं शास्त्र. नव्या पाट्या आल्या आणि तुम्ही अडाणी झाल्यासारखे चिडलात. "एमएच म्हंजी समदा महाराष्ट्र. पुढचा आकडा काय डोंबलाचा?" मग काही दिवस पहाटे मी तुमच्याबरोबर मार्केटच्या फाटकाशी उभी राहिले, प्रत्येक ड्रायव्हरला गाव विचारलं आणि कोडं सुटलं. मुंबईपासून सुरुवात, मग ठाणे नि कोकण. नऊला कोल्हापूर, तिथून सांगली-साताऱ्यावरून वर चढत बाराला पुणे. पंधरा आपण नाशिककर, सोळा नगर, अठरा धुळे, एकोणीस जळगाव. विसापासून मराठवाडा, त्यापुढे विदर्भ. मी म्हटलं, "तात्या, हे विभागाविभागाने चढत जातं. हा नकाशाच आहे." तुम्ही आडत्याला हाक मारलीत, "शेठ, कोन्ची बी गाडी दाखवा माझ्या पोरीला. ड्रायवरचं तोंड न बघता गाव सांगती." त्या दिवशी मला मिसळ खाऊ घातलीत आणि वर जास्तीची तर्री ओतायला लावलीत. मला तिखट सोसत नाही हे तुमच्या लक्षातच नव्हतं. मी डोळे पुसत सगळी संपवली.

म्हणून तर राग येतो. ज्या पाटीवर मी तुम्हाला नकाशा दाखवला, त्याच पाटीवर तुम्ही शनी शोधलात.

सातपूरच्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि माझ्या पगारातून मी स्कूटर घेतली. नंबर आला ३७१६. अंगणात मी स्कूटर उभी केली, तर तुम्ही स्कूटरकडे बघितलंच नाहीत. पाटीकडे बघून बोटं मोजलीत.

"सतरा. एक नि सात, आठ. शनी हाय हा. माझ्या भावाच्या जीपला आठच व्हता, कसाऱ्याच्या घाटात काय झालं ठावं हाय ना? इकून टाक."

"काकांच्या जीपच्या ब्रेकला तेल नव्हतं, तात्या. तुम्हीच सांगितलं होतंत."

"त्येल बी शनीनंच संपवलं."

मी म्हटलं, दर नवव्या गाडीची बेरीज आठ येते. मग नाशकातली दर नववी गाडी गोदावरीत पडलेली दिसायला हवी. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आई परातीत तोंड घालून हसली. तुम्ही म्हणालात, "लय शिकलीस. शिकलेल्या पोरी बापालाच उजळणी शिकवत्यात." तुम्ही जेवायला बसलात, मी दारात उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्या टेम्पोची बेरीज किती?"

"चोपन्न वीस. अकरा, म्हंजी दोन. चंद्र. थंड गाडी हाय माझी."

"आणि एमएचपुढचे पंधरा का नाही मोजत? तेही पाटीवरच आहेत. एक नि पाच सहा. सहा नि दोन?"

तुम्ही भाकरी कुस्करायला घेतलीत. उत्तर चुलीपाशी बसलेल्या आईने दिलं. "आठ."

"आणि माझ्या स्कूटरचे आठ नि सहा चौदा, म्हणजे पाच. बुध. भरभराटीचा ना हो, तात्या?"

तुम्ही ताटात हात धुतलात. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टेम्पो घेऊन, नेहमीसारखे, मार्केटला गेलात. टेम्पो विकायचं नाव काढलं नाहीत. मात्र माझ्या स्कूटरवर कधी बसला नाहीत. थांब्यावर बसची वाट बघत उभे असायचात, मी ब्रेक दाबून थांबायचे आणि तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणायचात, "तू हो पुढं." गुडघा सुजला तेव्हाही लंगडत थांब्यापर्यंत गेलात. मीही दर वेळी थांबले. तुम्ही हट्टी, तर मीही तुमचीच लेक.

लोक मला समजावतात, बापाची माया होती ती, जीव घाबरत होता तुझ्यासाठी. मला हे मान्य नाही. तोच आठ टेम्पोवर होता, तेव्हा जीव कुठे गेला होता? काळजी असती तर तुम्ही माझे ब्रेक तपासले असते. ते मी तपासत होते, दर रविवारी, अंगणात, तुमच्या डोळ्यांदेखत. आठ फक्त माझ्यासाठी होता, कारण ती गाडी मी तुम्हाला न विचारता घेतली होती.

तुमचे दिवस उरकले आणि आईला बँकेत जायचं होतं. मी रिक्षा बघते म्हटलं, तर तिने पदर खोचला आणि मागच्या सीटवर बसून माझा खांदा धरला. "चल. संपलं त्यांचं गणित." सातपूरच्या खड्ड्यांतून ती स्कूटर वर्षानुवर्षं धावली. तिने मला एकदाही पाडलं नाही.

काल आरटीओचा एजंट म्हणाला, "ताई, आठाचे सोडून बाकीचे नंबर दाखवतो."

"आठाचाच द्या."

"अहो, उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही मिळायचं."

"विकतंय कोण?"

आई आज पुढच्या सीटवर बसून गंगापूर धरणापर्यंत फिरून आली. काच खाली-वर करायचं बटण तिने सोडलं नाही.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली ठेवणार आहे. एवढंच लिहायचं राहिलं. एजंटने कागद पुढे केला, तेव्हा मी पेन हातात धरून थांबले आणि एमएचपुढचे पंधरा धरून पुन्हा बेरीज केली. आठात सहा मिळवले की पाचच येणार, हे मला पाठ आहे. तरी टेबलाखाली बोटांवर मोजले, तात्या, तुमच्यासारखे. पाच आले, मगच सही केली.