होडीचा मागचा तिसरा हिस्सा

मी, उजमा महेबूब मिस्त्री, वय वर्षे पंचवीस, अविवाहित, राहणार देगलूर नाका, नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप मात्र लहानपणापासून शाबूत नाही. येत्या गुरुवारी हैदराबादला तिची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. तरी त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली. तो कागद मी सही करण्याआधी दोनदा वाचला.

हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. मी रागात आहे, हे खरे. राग आणि वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची खात्री साक्षीदारांनी माझ्याशी तासभर बोलून करून घेतली आहे.

१. आमच्यात माणसाला आपल्या मालमत्तेच्या फक्त तिसऱ्या हिश्श्याची वसीयत करता येते, आणि तीही वारसाच्या नावे नाही. बाकीचे वारसांना ठरलेल्या वाट्याने जाते. माझे वारस दोन, आई जन्नतबी आणि मोठा भाऊ जावेद. त्यांच्या वाट्यात मी ढवळाढवळ करीत नाही. करता आली असती तर केली असती.

२. घर अम्मीचे आहे. ते माझे नाही, म्हणून त्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. पोस्टातली बचत शस्त्रक्रियेत जाईल.

३. अब्बांनी मला देऊन ठेवलेली अवजारे माझ्याकडे आहेत. ती वारसांकडे जातील, म्हणजे बहुतेक जावेदकडे. रंधा आडवा ठेवावा, उभा ठेवला की पाते बोथट होते. पटाश्यांना तेल लावावे. हे जावेदला माहीत आहे. माहीत असणे आणि करणे यांतले अंतर पुढच्या कलमात येईल.

४. माझी खरी मालमत्ता एकच, विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी केवळाबाईंच्या शेतात बाभळीखाली पालथी ठेवलेली शिडाची होडी. लांबी चौदा फूट.

ती माझी कशी झाली, ते लिहिणे भाग आहे. १९९३ च्या भूकंपानंतर अब्बा दोन वर्षे निलंग्याकडच्या गावांत नव्या घरांच्या चौकटी करीत होते. त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी, मी आजारी म्हणून पाचवीपर्यंत शाळेत गेले नव्हते. अक्षरे त्यांनीच शिकवली, फळीवर, सुताराच्या जाड पेन्सिलीने. आकडा चुकला तर फळी वाया जाते, तेव्हा लिहिताना खोटे लिहायचे नाही, हा माझा पहिला धडा. निलंग्याकडून परत येताना त्यांनी पडलेल्या घराचे एक सागवानी आढे आणले. लोक ते नव्या घराला लावू देत नव्हते, त्याच्याखाली माणसे गेली होती. पुढे एका बंद पडलेल्या क्लबच्या लिलावात त्यांनी ही होडी घेतली. तिला सुकाणू नव्हते. अब्बांनी त्या आढ्याचे सुकाणू केले. पहिले वर्ष आम्ही पाण्यावर गोल गोल फिरलो, मग जमले. २००१ मध्ये त्यांनी होडी माझ्या नावे केली, कारण तिची निगा मी राखत होते.

निगा म्हणजे काय, तेही लिहिते. दसऱ्याला बाजारातले सगळे सुतार अवजारे धुऊन पुजतात. आमच्यात पूजा नाही, पण अब्बा त्याच दिवशी सुकाणू काढत. आधी बिजागरीची पिन ओढायची, मग दोघांनी मिळून सुकाणू वर उचलायचे. मग त्याच्या लोखंडी पट्ट्यांचे चार बोल्ट खोलायचे आणि पट्टीखालचे लाकूड बघायचे. पाणी पट्टीखालीच मुरते. वरून काही दिसत नाही. पटाशीच्या मुठीने ठोकले की चांगले लाकूड टण् वाजते, कुजलेले वाजत नाही. मग वहीत लिहायचे: काढले, तपासले, ठीक.

२००१ चा दसरा माझा शेवटचा. तेव्हा बोल्ट आवळून त्यांच्या डोक्यांवर लाल रंग मी दिला. नंतर दोन वर्षे मी लातूरला एका क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासायला होते. काम जावेदवर सोपवले. वहीत २००२ ला आणि २००३ ला त्याच्या अक्षरात लिहिलेले आहे: काढले, तपासले, ठीक. मी फोनवर दोन्ही वेळा विचारले. दोन्ही वेळा तो "हाव" म्हणाला.

डिसेंबर २००३ मध्ये भर पाण्यात सुकाणू मोडले. दांडा अब्बांच्या हातात आला, होडी उलटली. जावेद होडीला धरून राहिला. अब्बांना केवळाबाईंनी आणि त्यांच्या गड्याने दोर टाकून ओढले. अब्बांच्या छातीत पाणी गेले ते निघाले नाही. एप्रिलमध्ये ते गेले. मधल्या चार महिन्यांत सगळा नाका म्हणत होता की म्हाताऱ्याचा हात थरथरतो, त्याने होडी बुडवली. मयतीच्या दिवशी जावेदही तेच म्हणाला: "अब्बांचा हात सुटला." लोकांचे बोलणे अब्बांनी ऐकून घेतले होते, चार महिने. मला वाटते सुकाणू का मोडले ते त्यांना माहीत होते, आणि मुलासाठी ते गप्प राहिले. मी गप्प राहणार नाही.

मयतीचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी उरलेले सुकाणू उतरवले. चारही बोल्टांवर माझा लाल रंग होता, कडेला एक ओरखडा नव्हता. पाना दोन वर्षांत त्यांना लागलेलाच नव्हता. खालच्या पट्टीआड, आढ्याच्या काळातला एक लोखंडी खिळा लाकडात राहून गेला होता. तो गंजला होता आणि भोवतीचे लाकूड काळे, ओल्या पावासारखे झाले होते. खिळा राहू देणे ही अब्बांची चूक. ती मी लपवत नाही. कोणाला न विचारता बोल्टांवर रंग देऊन ठेवणे, ज्यामुळे वरून सगळे चांगले दिसत राहिले, आणि दुसऱ्याच्या "हाव"वर विसंबणे ही माझी. पण बोल्ट खोलले असते तर ते कोणालाही दिसले असते.

मी ते लाकूड जावेदपुढे ठेवले. म्हटले, "दोन वर्षं काढलंच नाहीस." त्याने ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "वरून तर चांगलंच होतं की. रंग बी उडला नव्हता."

अम्मी मध्ये पडली. "मरे सो मरे, जीते कू कायको मारती?" असे म्हणून तिने ते लाकूड चुलीत घालायला उचलले. मी ते तिच्या हातातून हिसकावून घेतले. त्याबद्दल अम्मीची माफी मागते. फक्त त्याबद्दल.

५. आता कारण. जावेदने नवे सुकाणू बाजारातून करवून आणले आहे. जानेवारीत लातूरच्या एका क्लासची मुले सहलीला येणार आहेत, आणि त्यांना होडीत फिरवण्याचा शब्द त्याने दिला आहे, पाच-पाच मुलांना एका खेपेत. त्या मुलांना मी ओळखते. चार तास झोपतात, सगळ्या विषयांची सूत्रे पाठ असतात, आणि पोहता एकालाही येत नाही. त्याला विचारले, बोल्ट कोण बघणार? "नवं हाय. नव्याला काय बघायचं?" मी मेले तर दोन-तृतीयांश होडी त्याची होईल, आणि अम्मी आपला वाटा कधी वेगळा मागणार नाही.

६. म्हणून मी होडीच्या तिसऱ्या हिश्श्याची वसीयत केवळाबाईंच्या नावे करीत आहे. त्या माझ्या वारस नाहीत, त्यामुळे कोणाच्या संमतीची गरज नाही. काझीसाहेबांना विचारले. ते आधी हसले, मग म्हणाले, तिसऱ्यापेक्षा जास्त होत नसेल तर कोणता भाग ते तुझ्या मर्जीवर. चौदा फुटांचा तिसरा हिस्सा चार फूट आठ इंच. तो मी मागून मोजला आहे. मागच्या ज्या फळीला सुकाणू टांगतात ती फळी, दोन्ही बिजागऱ्यांसह, केवळाबाईंची. रेघ दोन्ही बाजूंनी पटाशीने कोरली आहे.

केवळाबाईंना हे समजावायला वेळ लागला नाही. म्हणाल्या, "म्हंजी बूड माझं."

मी हो म्हटले.

"मग पोरी, बसतेच की त्याच्यावर. कोण उठवतंय बघू."

त्यांच्या फळीवर त्यांच्या परवानगीशिवाय कोणीही सुकाणू टांगू नये. परवानगीची अट एकच. दर दसऱ्याला, आणि या वर्षीचा दसरा टळल्यामुळे होडी पाण्यात घालण्याआधी एकदा, सुकाणू त्यांच्यासमोर उतरवून चारही बोल्ट खोलून दाखवावेत. वहीत त्या अंगठा देतील तेव्हाच ते "ठीक".

७. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांना माफ करावे, असे मला रोज सांगितले जाते. जे मला काही बोलले असतील त्यांना माफ आहे, आणि मी ज्यांना बोलले त्यांनी मला करावे. जावेदला नाही. त्याने वहीत २००२ आणि २००३ पुढे स्वतःच्या हाताने "काढले नाही" असे लिहिले, तर त्या क्षणापासून माफ. मी जिवंत असले तरी, नसले तरी.

८. केवळाबाईंची परवानगी न घेता होडी पाण्यात लोटायची कोणी तयारी केली, तर त्यांनी भांडत बसू नये. सामायिक वस्तूत आपला हिस्सा वेगळा करून मागण्याचा त्यांना हक्क आहे. त्यासाठी अब्बांची दोन माणसांनी ओढायची मोठी करवत मी त्यांना आज बक्षीस देत आहे. बक्षीस ताबा दिल्याशिवाय पुरे होत नाही, म्हणून दुपारी ती त्यांच्या हातात दिली. वरील कलम ३ मधल्या अवजारांतून ती वजा समजावी. दाते मी स्वतः घासले आहेत. करवत रेघेवर ठेवावी आणि ओढावी.

सही: उजमा महेबूब मिस्त्री

हे तिने आमच्यासमोर वाचून दाखवले आणि आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. शंकरप्पा, हार्डवेअर दुकानदार, देगलूर नाका (सही)
२. रुद्राणी, लातूरला एका खोलीत राहिलेली मैत्रीण (सही)

ठिकाण: नांदेड
दिनांक: २२ नोव्हेंबर २००४