फौजदारसाहेबांची मर्जी

२ मे १९५८, मोरा

बाबांना पकडलं! सकाळी होडीतल्या जाळ्यांखाली शिपायाला दारूचा डबा सापडला. उद्या माझी हळद – आणि दारूशिवाय कोळ्याची हळद कुठे झालीय? पण दारूबंदीला हे कोण सांगणार! आई चुलीपुढे रडत बसलीय. सासरी सारसोळ्याला कळलं तर हिरामणच्या घरचे लग्न मोडतील का?

२ मे, दुपारी

सुटले! सुटले!

बाबा आपल्या पायांनी घरी आले. पंचनामा लिहायला घेतला होता, तेवढ्यात फौजदारसाहेबांनी विचारलं, एवढी दारू कशाला, बाळाराम? बाबा म्हणाले, "पोरीचं लगीन हाय, साहेब." साहेबांनी कागदच फाडला म्हणे. "डबा खाडीत ओता आणि घरी जा. मी काही पाहिलं नाही."

आईने एकवीरेला नारळ फोडला. आणखी एक साहेबांच्या नावाने! मी उगाचच हसतेय. भात ढवळतानाही.

३ मे

हळद लागली. कानात, केसात, नाकातसुद्धा!

सगळ्यांत जास्त नाचली ती शेजारची गंगूकाकी. नवरा बुडून गेला, मूलबाळ नाही, सगळी माया माझ्यावर. आजची दारू तिच्याच भट्टीची. बाबांनी ओतली तीही तिचीच होती. पुन्हा कशी आणली, ते कुणी विचारलं नाही.

४ मे

झालं लग्न. अंतरपाटाखालून हिरामण माझे पाय बघत होता. मला हसू आवरेना. गाणी म्हणणारी धवलारीण डोळे वटारून बघायला लागली, मग तीही हसली. आता मचव्यातून सारसोळ्याला. पाणी किती चमकतंय!

९ मे

माहेरी आले. गंगूकाकीच्या दाराला कुलूप.

काल तिला धरलं. दारूचा एक डबा, बस्स. तोच फौजदार. शिपाई सांगत होता – काकी म्हणाली, बाळारामला सोरलंत, मना पन सोरा. साहेब म्हणाले, "त्याच्या घरी लग्न होतं. तुझ्या घरी काय आहे?"

आणि पंचनामा पुरा लिहिला.

बाबा तिच्यासाठी बोलायला चौकीवर निघाले. टोपी घातली. आईने दारातच हात धरला. "साहेबाचा मन फिरला तर?"

बाबांनी टोपी काढली.