तोंडीलावणी करणारीचं ताट

आई, थोरलीचा नमस्कार. मी धडधाकट आहे, उगाच घोर लावून घेऊ नकोस.

काल मालकांकडे सणाचं जेवण होतं. त्यांच्या म्हाताऱ्या आईने सकाळपासून खपून चटण्या, कोशिंबिरी, तळण सगळं केलं. मला हात लावू दिला नाही. मी टेबलावर त्यांचंही ताट मांडलं, तर सून म्हणते, "ते उचल. त्या आत जेवतात."

मी ताट उचललं. बाहेर पाहुणे बोटं चाटत होते आणि म्हातारी ओट्याशी उभी राहून पातेलं पुसून खात होती. म्हणाली, "अगं, मला सवय आहे."

तूही नेहमी हेच म्हणतेस. तेव्हापासून जेवायला बसले की तूच आठवतेस.

हे पत्र तुला बाळ्याच वाचून दाखवणार. तर बाळ्या, तूच लिही, आपली आई कुठे बसून जेवते?

तुमची थोरली